पाय हलला की गाणं बाद

ट्रॉय, मिशिगन
मार्चअखेर

प्रिय दिगंबर यास सप्रेम जय भीम.

तुझी तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, घरची मंडळी कशी आहेत, हे सगळं मी विचारलं असं तू समज, आणि सगळं ठीक आहे असं तू सांगितलंस असं मी समजतो. इकडे तुझी बहीण ठणठणीत आहे. (थंडीने तिचं काही बिघडलेलं नाही, उलट थंडीच तिला जरा दबून असते.) मीही बरा आहे. भूषण, सूनबाई रोशनी आणि आपली नैना मजेत आहेत, निदान तसं दाखवतात. आता तू म्हणशील, भाऊजींना वेड लागलं की काय, या जमान्यात हाताने पत्र! तर त्याचं कारण असं की या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर एक गोल डबी आहे. तिला हाक मारली की ती बोलते, गाणी लावते, उद्या बर्फ पडणार का ते सांगते. म्हणजे जी हाक ऐकते ती बाकीचंही ऐकत असणारच, हे सांगायला पंडित नको. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर पातेलं पालथं घातलं. रोशनीने ते उचललं. मी पुन्हा घातलं. ती बिचारी आता त्याच पातेल्यात वरण करते आणि माझ्यासाठी दुसरं ठेवते. तेव्हा घरातल्या गोष्टी फोनवर बोलणं मी बंद केलं आहे. कागदाला कान नसतात.

माझा स्वभाव संशयी आहे असं तुझी बहीण चारचौघांत सांगते. संशयी नाही रे, अनुभवी आहे. ज्याची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली, त्याला ताडपत्रीवरून कळतं खाली काय आहे. ड्रायव्हर फार हसून बोलला की समजायचं, कांद्याच्या पोत्यांखाली पंखे आहेत. आणि या देशात तर जो तो हसूनच बोलतो! रस्त्यात अनोळखी बाई मला "हाऊ आर यू" म्हणते आणि मी सांगायला तोंड उघडेपर्यंत निघून जाते. दोन घरांच्या मध्ये कंपाउंडची भिंत नाही, गवत सलग. मी भूषणला म्हणालो, तुझं कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं? तो म्हणतो, बाबा, सगळ्यांना अंदाज असतो. अंदाज! आपल्याकडे वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात आणि इथे अंदाजावर चाललंय. परवा कोणीतरी दाराशी बिस्किटांचा डबा ठेवून, बेल वाजवून पळून गेलं. मी तो डबा दिवसभर बाहेरच ठेवला. संध्याकाळी नैनाने आणून खाल्ला, तिला काही झालं नाही, मग मीही दोन खाल्ली.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लिहायला हात जड होतो. आपल्या नागपूरला, इंदोऱ्याच्या घरात दार उघडलं की समोर बाबासाहेब. पोस्टमन असो, दूधवाला असो, जावई असो, आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग माझ्याकडे. इथे दार उघडलं की समोर चपलांचा रॅक आणि त्याच्यावर एका गलबताचं चित्र. कोणाचं गलबत? कोणाचंच नाही, दुकानातून आणलंय, भिंतीच्या रंगाला जुळतं म्हणून. आणि बाबासाहेबांचा फोटो? खाली. तळघरात! हे लोक त्याला बेसमेंट म्हणतात, तिथे गालिचा आहे, हीटर आहे, सोफा आहे, सगळं मान्य. पण जमिनीखाली ते जमिनीखालीच. गेल्या वर्षीची जयंतीही भूषणने आणि त्याच्या मित्रांनी तिथेच केली. खिडक्या म्हणशील तर छताजवळ दोन फटी. रस्त्याने जाणाऱ्याला पत्ता लागू नये असा बंदोबस्त. इथेही आपली मराठी माणसं पहिल्या भेटीत गाव विचारतात आणि दुसऱ्या भेटीत आडनाव, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. पोरगा लाजतो की काय? मोठी नोकरी, मोठं घर, आणि बाबासाहेबांना झाकून ठेवलं की काय? बरं, विचारावं तर कसं? बापाने पोराला विचारायची गोष्ट आहे का ही? आणि समजा हो म्हणाला असता, तर मी काय करणार होतो, दिगंबर? मला या थंडीत बाहेर पडून चालायलाही येत नाही.

मी पाळत ठेवली. पाळत ठेवता ठेवता फेब्रुवारी संपला आणि एका सकाळी त्या डबीतून (पातेल्याखालूनच) व्हायोलिन सुरू झालं. साधं नाही, सुसाट, मागे कोणी कुत्रं लागल्यासारखं. त्यात बासरी शिरली, मग कोपराखाली पिशवी दाबून वाजवायचा कसला तरी बाजा शिरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भूषण जेवताना ऐकतोय, गाडीत ऐकतोय, अंघोळीला जाताना ऐकतोय. विचारलं तर म्हणतो, आयरिश संगीत आहे, बाबा. सतरा मार्चला इकडे संत पॅट्रिकचा दिवस असतो, आयरिश लोकांचा मोठा सण. त्यांच्या मंडळाचा हॉल आहे, तिथे कार्यक्रम असतो, आणि तिथल्या मॉरीनबाईंनी प्लेलिस्ट करायचं काम मला दिलंय. प्लेलिस्ट म्हणजे कोणत्या गाण्यामागे कोणतं गाणं लावायचं ती माळ. मी म्हणालो, आयर्लंडचा संत, आयर्लंडची माणसं, आणि गाणी लावायला माणूस इंदोऱ्याचा? त्यांच्यात कोणी मेलंय का? तर म्हणे, दर वर्षी जे करायचे ते गृहस्थ फ्लोरिडाला राहायला गेले. हे सांगताना तो रोशनीकडे बघत होता आणि रोशनी डाळीकडे बघत होती. मी ओळखलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

माझ्या जिवाची आग झाली ती एवढ्याचसाठी. दुसऱ्याचा सण स्वयंपाकघरात, गाडीत, न्हाणीघरात मोठ्याने, आणि आपले बाबासाहेब तळघरात! ऑफिसात म्हणे त्या दिवशी सगळे हिरवं घालतात, हिरवा केक खातात, हिरवी बिअर पितात. (पंचशील घेतलेल्या घरात बिअरचा रंग कोणता हा प्रश्नच येत नाही, पण माहिती म्हणून लिहिलं.) शिकागोला तर नदीच हिरवी करतात. नदीत रंग ओतणारी माणसं कशात काय मिसळतील याचा भरवसा काय? मी ठरवलं, या संताची चौकशी करायची. तपासणीला नैना बरी पडते, ती टॅबवर सगळं वाचून दाखवते, फक्त उत्तर इंग्रजीत देते. पहिल्याच फटक्यात असं निघालं की या संताने आयर्लंडातले सगळे साप समुद्रात हाकलून दिले. नागांना हाकललं! आणि आपण कोण? नागपूरचे! नाग नदीकाठची माणसं, नागवंशाचं नाव सांगणारी! माझं पोरगं कोणासाठी व्हायोलिनं वेचतंय याची त्याला कल्पना तरी आहे का? मी उठलोच होतो, तेवढ्यात नैना पुढचं वाचून म्हणाली, "बट आजोबा, देअर वेअर नो स्नेक्स देअर. एव्हर." म्हणजे मुळात तिथे साप नव्हतेच. ट्रकात माल नाही आणि पावती फाडलेली! मी खाली बसलो. या मुद्द्यावर संताला मी तूर्त सोडून दिलं आहे.

आणि मग ती म्हणाली, "ही डाइड ऑन मार्च सेव्हन्टीन्थ." मी तिला तीन वेळा वाचायला लावलं. सतरा मार्च ही त्या संताची जयंती नव्हेच, दिगंबर. तो गेला तो दिवस! स्मृतिदिन! आणि हे लोक त्या दिवशी हिरव्या टोप्या घालून नाचतात! तुला आठवतं ना, आपल्या वस्तीत सहा डिसेंबरला कोणाच्या पोरांनी गाडीत गाणी लावली होती, तेव्हा मी गाडीसमोर आडवा उभा राहिलो होतो? जयंतीला मी स्वतः रात्रभर गायन पार्टीची गाणी लावून दिली आहेत, कोणतं आधी, कोणतं नंतर, लोक पेंगायला लागले की कोणतं, सगळं माझ्याकडे असायचं. जयंती ती जयंती, हवं तेवढं नाचा. पण स्मृतिदिनाला पांढरे कपडे, मेणबत्ती आणि मुकाट्याने रांग. एवढा भेद ज्या माणसाला कळत नाही तो आपल्या घरचा कसा? आणि माझा मुलगा चारचौघांत कोणाच्या तरी मरणादिवशी नाचाची गाणी लावणार? लोक म्हणतील, बापाने काही शिकवलं नाही. मी तडक तळघरात गेलो. तो कानाला हेडफोन लावून बसला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, स्मृतिदिन आहे, नाच शोभत नाही, मी गाणी नीट लावून देऊ का? तो मान हलवत म्हणाला, हो बाबा, हो, हो. (त्याने ऐकलंच नव्हतं हे मला नंतर कळलं. मान गाण्याच्या ठेक्यावर हलत होती.) मी परवानगी मिळाली असं समजून वर आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नैनाने काम हाती घेतलं. भूषणची माळ त्यांच्या टॅबवर असते, त्यावर केलेला बदल फोनवर आपोआप जातो. भाषा मला कळत नव्हती, म्हणून मी तपासणीचा सोपा नियम केला. गाणं सुरू करायचं, माझ्या पायाकडे बघायचं. पाय हलला की गाणं बाद. पाय स्थिर राहिला की गाणं पास. सुरुवातीला पाय फार हलायला लागला. मी गुडघा हाताने दाबून धरला तर टाच हलायची. नैना धडाधड खोडत होती आणि पोट धरून हसत होती. जी गाणी उरली त्यांचा अर्थ ती मला सांगायची. समवन डाइड, आजोबा. ठेव. याच्यातही समवन डाइड. ठेव. हा मुलगा इंग्रजांविरुद्ध लढला, त्याला फाशी दिली. हे सगळ्यात वर ठेव. मग एक गाणं आलं, नुसता एक म्हातारा गातोय, वाजवायला कोणी नाही. मी विचारलं, कोण मेलं? नैना म्हणाली, नोबडी डाइड, ही इज जस्ट गोइंग टू अमेरिका आणि त्याची आई रडते आहे. मी म्हणालो, तेच ते, ठेव. ते गाणं आम्ही दोनदा ऐकलं. त्यानंतर मला जरा चहाची गरज पडली.

कार्यक्रम सतरा मार्चलाच, शनिवारी होता. आम्ही सगळे गेलो. तुझ्या बहिणीने आलुबोंड्यांचा मोठा डबा केला होता, भूषणने हिरवा कुर्ता घातला होता आणि तो दिवसभर इतका घाबरलेला होता की माझा संशय पक्का झाला. नुसती गाणी लावायला माणूस एवढा घाबरतो का? हॉल मोठ्या रस्त्याला लागून आहे. बाहेर उंच खांबावर पाटी, तिच्यावर कार्यक्रमाचं नाव ठळक अक्षरांत, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला दिसेल असं. आत शिरलो तर दारासमोर, बरोब्बर दारासमोर, हातात काठी घेतलेल्या त्या संताचं चित्र. त्याच्या शेजारी फाशी गेलेल्या पोरांचे जुने फोटो ओळीने. मी तुझ्या बहिणीला कोपरखळी मारली, बघ, हे लोक आपलं माणूस कुठे लावतात बघ. ती म्हणाली, आधी टोपी काढा. मॉरीनबाई म्हणजे धिप्पाड बाई, सत्तरी ओलांडलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझा हात असा दाबला की मी पेन दुसऱ्या दिवशी धरलं. माणसं मात्र आपल्यासारखीच, सगळी एकदम बोलणारी आणि जेवणाच्या टेबलाकडे डोळा ठेवणारी. स्टेजजवळ लहान मुलींची रांग उभी होती, डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप, पायात ठोके वाजवायचे बूट. त्यांच्या नाचात कमरेच्या वरचं काही हलत नाही, हात अंगाला चिकटवलेले आणि पाय वेड्यासारखे. (हात न हलवता पळणाऱ्या माणसाने खिशात काहीतरी लपवलेलं असतं, हा नाक्यावरचा अनुभव. पण पोरी लहान होत्या, मी सोडून दिलं.)

भूषणने फोन जोडला आणि गाणं सुरू झालं. फाशीचं. लोकांनी ग्लास हातात धरले ते तसेच धरून ठेवले. काहींनी मान खाली घातली, बरं वाटलं. ते संपलं, दुसरं लागलं, त्यात जहाज बुडतं. मग तिसरं, आई दारात वाट बघते आणि मुलगा येत नाही. एक बाई पर्समधून रुमाल काढायला लागली. मुली एक पाय पुढे टाकून तयार उभ्या, आणि त्यांची शिकवणारी बाई भूषणकडे बघतेय, मॉरीनबाई भूषणकडे बघतायत, भूषण फोनकडे बघतोय. त्या हॉलमध्ये नेट नीट येत नाही म्हणून त्याने सकाळीच सगळी माळ फोनमध्ये उतरवून घेतली होती, आणि उतरवलेली माळ माझी होती. तो बोटाने वर सारतोय, खाली सारतोय, नाचाचं एक गाणं सापडेना. शेवटी त्याने मान वर केली आणि संपूर्ण हॉलमधून नेमकं मला शोधलं. दिगंबर, पोटच्या पोराची ती नजर मी याआधी एकदाच पाहिली होती, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, जेव्हा मी त्याच्या नाटकात मध्येच उठून चूक सांगितली होती. आता लपण्यात अर्थ नव्हता. मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, "टुडे इज डेथ डे. नो डान्स."

रोशनीने डोळे मिटून घेतले. आणि मग ती माझ्या कानाशी जे बोलली त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली. हा हॉल भूषणला आपल्या जयंतीसाठी हवा होता! एप्रिलच्या जयंतीला, दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्यावर, बाहेरच्या पाटीवर नाव लावून. तो महिनाभर मॉरीनबाईंच्या मागे होता. त्या म्हणाल्या होत्या, आमच्या दिवसाला हातभार लावा, आमची माणसं तुम्हाला बघू द्या, मग कमिटीला विचारते. आमच्यापासून लपवलं होतं ते एवढंच, मला तिथे नेऊन चकित करायचं म्हणून. आणि मी! मी त्यांच्या सणाचं पार वाटोळं करून उभा होतो, तेही छाती काढून. मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, पण खुर्ची कोणीतरी नेली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. फिनबार नावाचे एक अतिवृद्ध गृहस्थ, जन्म आयर्लंडमधला, ते उठले. ते म्हणाले (भूषणने मला नंतर सांगितलं), की माझ्या लहानपणी आमच्या गावात या दिवशी गुत्ते बंद असायचे, सकाळी प्रार्थना, दुपारी मटण आणि संध्याकाळी गप्प बसणं. हिरव्या टोप्या अमेरिकेत आल्या. हा माणूस बरोबर बोलतोय. आणि एवढं बोलून त्यांनी स्वतःच एक गाणं सुरू केलं. त्याला कडवी किती होती देव जाणे, म्हणजे आपल्यात देव नाही, पण कोणीतरी जाणत असेल. त्यांना थांबवायची कोणाची टाप नव्हती. ते संपल्यावर मॉरीनबाई माइक घेऊन भूषणकडे आल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही एप्रिलमध्ये हॉल मागता आहात, तोही कोणाच्या मरणाचाच दिवस आहे का? म्हणजे आम्हाला कळू दे, नाचायचं की रडायचं.

लोक हसले. भूषण हसला नाही. त्याने माइक घेतला. मला वाटलं आता हा काहीतरी सारवासारव करणार, इंडियन फेस्टिव्हल आहे, कल्चरल प्रोग्राम आहे असं गुळमुळीत काहीतरी. त्याने पूर्ण नाव घेतलं. डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर. आवाज जरासुद्धा खाली न आणता. कोणत्या जातीत जन्मले, पाण्याला का हात लावू देत नव्हते, त्यांनी काय लिहिलं, आणि आम्ही कोण, माझे आजोबा काय काम करायचे, सगळं. म्हणाला, चौदा एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, त्या दिवशी आम्ही नाचतो. सहा डिसेंबरला ते गेले, त्या दिवशी माझ्या वडिलांनी आमच्या वस्तीत कधी ढोलकी वाजू दिली नाही. आज त्यांनी तुमच्या संतालाही तेवढाच मान दिला, त्याबद्दल मी माफी मागतो, पण पूर्ण मागत नाही. दिगंबर, माझ्या डोळ्याला धार लागली. लाजतो की काय असा मी ज्याच्यावर संशय घेतला, ते पोरगं परक्या मुलखात, परक्यांच्या सणात, भर हॉलमध्ये उभं राहून बापाची बाजू घेत होतं.

पुढचं थोडक्यात लिहितो. मुलींचं नाचायचं राहिलं होतं. तर मॉरीनबाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि वाद्यच नसेल तर जुने लोक करायचे म्हणे तसं तोंडानेच चाल धरली, डिडली डिडली डम. बाकीच्यांनी टेबलं बडवली. मुली नाचल्या. आलुबोंडे संपले. कमिटीने मंगळवारी हॉल दिला. एवढ्या सहज कसा दिला याचा मी अजून विचार करतो आहे, पण काही हाती लागलेलं नाही. बाहेरच्या पाटीवर त्यांनी आत्ताच आपल्या जयंतीचं नाव लावलं आहे, डॉक्टरसकट. तिथे आम्ही सगळे बर्फात उभं राहून फोटो काढला, तो सोबत जोडला आहे. कागदावर छापून आणलाय, कारण फोनवर पाठवला तर तू अंगठ्याने सारून पुढे जाशील. वहिनींना, मुलांना जय भीम सांग. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझा,
सुभाष

ता. क. पुढच्या वर्षी संगीताच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं मॉरीनबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आहे. नाही म्हटलं तरी माणसाची पारख असते या लोकांना.

ता. क. दिगू, जय भीम. मी मीरा. हे अंघोळीला गेले आहेत तेवढ्यात लिहिते. मॉरीनबाई म्हणाल्या ते असं, की पुढच्या वर्षी यांना मशीनजवळ फिरकू द्यायचं नाही. भूषणने यांना भलतंच सांगितलं, मन मोडू नये म्हणून. मुलींचा नाच सुरू झाल्यावर पाय कोणाचा हलत होता ते यांनी लिहिलेलं दिसत नाही. शेजारच्या बाईच्या पायावर पडला दोनदा. आणि त्या तळघराचं ऐक. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात भूषणला चहा द्यायला खाली गेले होते. त्याचं ऑफिस तिथेच आहे, तो दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसून मीटिंग करतो, आणि बाबासाहेबांचा फोटो बरोबर त्याच्या खुर्चीमागे लावलाय. ऑफिसातला जो कोणी त्याच्याशी बोलेल, त्याला आधी बाबासाहेब दिसतात आणि मग भूषण. दारासमोर लावला असता तर इथे दाराशी येतं कोण? बिस्किटवाली. मी यांना सांगितलं नाही, कारण यांनी विचारलं नाही. महिनाभर तोंड वाकडं करून फिरत होते, मला वाटलं थंडी बाधली.

ता. क. तुझ्या बहिणीने वर लिहिलेलं आत्ता वाचलं. खोडणार होतो, पण आधी खाली जाऊन खात्री करून आलो. मीटिंग चालू होती. मी दारात उभा राहिलो तर भूषणने मला हाताने आत बोलावलं, आणि पडद्यावरची आठ-दहा माणसं मला हात हलवून हाय म्हणाली. त्यांच्या बाजूने बघितलं तर मी, भूषण आणि मागे बाबासाहेब, असे तिघे एका ओळीत दिसत होतो. मी जय भीम म्हणालो. त्यांच्यातला एक गोरा जय भीम म्हणाला परत. आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं ते काम सांगतो. मागच्या महिन्यात पातेलं घालायला विसरून मी तुला फोन केला होता, आणि बोलून गेलो होतो की आमच्या भूषणने बाबासाहेबांना तळघरात लपवलंय, पोरगा आता आपला राहिला नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहीत आहे. तू ते विहाराच्या पायरीवर सांगितलं असशील, पानठेल्यावर सांगितलं असशील, मोठ्या वहिनींकडे तर नक्कीच. माझ्यावर एक उपकार कर. हा सोबतचा, पाटीजवळचा फोटो घेऊन ज्या ज्या घरी सांगितलंस त्या त्या घरी जा. बस म्हणाले तरी बसू नको. चहा नंतर. आधी फोटो.